जमिनीखालचा धागा कोणाच्या मालकीचा?

३ जून २०२० हा दिवस रायगडच्या किनाऱ्यावरील माणूस विसरणे शक्य नाही. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग ह्या तालुक्यांतील घरांची छपरे उडविली, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट केल्या आणि विजेचे हजारो खांब आडवे केले. हे नुकसान डोळ्यांना दिसणारे होते. त्याचे पंचनामे झाले आणि अपुरी का होईना, पण भरपाईही वाटली गेली. परंतु त्याच दुपारी आणखी एक गोष्ट कोसळली. तिचा पंचनामा मात्र कोणी केला नाही. ती म्हणजे आपली संपर्काची व्यवस्था. खांब पडले तशी वीज गेली, वीज गेली तसे मोबाईलचे मनोरे एकामागून एक मुके झाले, आणि खांबांवरून लोंबणाऱ्या केबली खांबांबरोबरच मातीस मिळाल्या. मुंबईतील चाकरमान्याला गावाकडच्या आईवडिलांची खुशाली कळेना. आणि गावात किती घरे उभी आहेत व किती पडली आहेत, हे तालुक्याच्या कचेरीस कळावयाचे तर पडलेली झाडे तोडीत, वाट काढीत माणूसच धाडावा लागे.

त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, २२ जुलै २०२१ रोजी, महाड पुराच्या पाण्यात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. तेव्हाही वीज गेलेली होती, फोन मुके होते, आणि मदतीची हाक ज्यांनी ऐकावयाची त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचविणारी वाट उरली नव्हती. संकटाच्या प्रसंगी माणसाला अन्न, पाणी आणि निवारा लागतो हे आपण जाणतो. पण ह्या तिन्ही गोष्टी मागण्यासाठी आधी आवाज पोहोचावा लागतो, हे दोन वर्षांत दोनदा अनुभवूनही आपण पुरते शिकलो आहोत असे दिसत नाही.

आज ह्या आठवणी काढण्याचे कारण आहे. प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्याची काही वर्षे लोटल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि लोकांनी निवडून दिलेली सभागृहे पुन्हा भरू लागली. गटारे, कचरा, पाणी, रस्ते, बाजारपेठेतील वाहनांची कोंडी असे जुनेच प्रश्न त्यांच्यापुढे आहेत, आणि ते जुने आहेत म्हणून कमी निकडीचे आहेत असे नव्हे. परंतु ह्या यादीत एक नवा विषय घालावा अशी आमची नव्या नगरसेवकांस सूचना आहे. गावातील सार्वजनिक संस्थांना, म्हणजे रुग्णालय, शाळा, पाणीपुरवठ्याचे पंपघर, अग्निशमन केंद्र, तहसील व नगरपरिषदेची कचेरी, वाचनालय आणि जेट्टी ह्यांना परस्परांशी जोडणारे ऑप्टिकल फायबरचे भूमिगत जाळे गावाच्या स्वतःच्या मालकीचे असावे. त्यावरून चालणारी सेवा कोणाकडूनही घ्यावी. पण जमिनीखालची नळी आणि तीतील काच ही गावाची असावी. एवढाच आमचा मुद्दा आहे, आणि तो दिसतो तितका लहान नाही.

काचेचा धागा

हा विषय अभियंत्यांचा आहे, आपल्याला त्यातले काय कळते, असे म्हणून सुशिक्षित नागरिक त्याकडे पाठ फिरवितात. वास्तविक त्यात न कळण्यासारखे फार थोडे आहे. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसाएवढा बारीक, अत्यंत शुद्ध काचेचा धागा. त्याच्या एका टोकाशी प्रकाशाची उघडझाप करावयाची, की ती आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाशी पोहोचते. अक्षरे, चित्रे, आवाज सारे काही ह्या उघडझापीत बसविता येते. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातील मोग्याचे, आणि अशा काचेतून दूरवर संदेश धाडता येईल हे १९६६ साली दाखवून देणारे चार्ल्स काओ ह्यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तांब्याच्या तारेतून वीज वाहते, म्हणून ती गंजते, चोरीला जाते, गडगडाटात जळते. काचेच्या धाग्यास चोरबाजारात भाव नाही आणि खाऱ्या हवेशी त्याचे वैर नाही. शिवाय त्याची एक मोठी खुबी अशी की, एकदा पुरलेला धागा दशकानुदशके तोच राहतो. दोन टोकांची यंत्रे बदलली की त्याच धाग्याची वहनशक्ती दसपट होते. गावाच्या दृष्टीने ही खुबी फार मोलाची आहे, कारण यंत्रे बदलावयास दुकान पुरते, धागा बदलावयास रस्ता फोडावा लागतो.

ह्या वेगाचा सामान्य माणसास उपयोग काय, असे कोणी विचारील. एक साधे त्रैराशिक मांडून पाहू. डोक्याला मार लागलेला रुग्ण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आला. त्याच्या सीटी स्कॅनची चित्रे ५०० मेगाबाइट भरली असे धरू. मेंदूचा तज्ज्ञ मुंबईत आहे, म्हणजे रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर. सेकंदास ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून ही चित्रे त्याच्यापुढे जाण्यास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे लागतील. सेकंदास १,००० मेगाबिट वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्यावरून चार सेकंद. रुग्णाला रातोरात वडखळच्या वाटेने मुंबईकडे न्यावयाचे की येथेच ठेवावयाचे, हा निर्णय त्या सतरा मिनिटांत अडकून पडलेला असतो. हे गणित आम्ही सोयीसाठी गोल आकड्यांत मांडले आहे. पण ज्यांच्या घरातील माणूस अशा खाटेवर पडला आहे त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. एरवी तालुक्याच्या शाळेतील चाळीस मुलांनी एकाच वेळी पडद्यावर धडा पाहणे, पाण्याच्या टाकीची पातळी पंपघरात बसून कळणे, किंवा समुद्रात जाण्यापूर्वी हवामानाचा इशारा जेट्टीवरील फलकावर झळकणे ही सारी कामे ह्याच धाग्याची आहेत.

मालकीचा प्रश्न

पण सेवा तर कंपन्या देतातच, मग मालकीचा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न योग्य आहे. खाजगी कंपन्यांनी आणि गावोगावच्या केबलवाल्यांनी गेल्या काही वर्षांत इंटरनेट घराघरांत नेले, ते स्वस्तही केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कंपनीचा हिशेब ग्राहकांच्या संख्येवर बसतो आणि तो तसाच बसणार. जेथे गिऱ्हाईक दाट तेथे चार कंपन्यांचे चार धागे. जेथे विरळ तेथे एकही नाही. तुटलेली केबल आधी कोठली जोडावयाची, हेही त्याच हिशेबाने ठरते. रुग्णालयाची जोडणी आणि मौजेखातर चित्रपट पाहणाऱ्याची जोडणी ह्यांत कंपनीच्या लेखी फरक असेल तर तो फक्त देयकाच्या रकमेचा. गावाच्या लेखी तो फरक जीवन-मरणाचा आहे. ज्या गोष्टीवाचून गाव चालत नाही ती गोष्ट ज्याच्या हाती, त्याला गावाने जाब विचारता आला पाहिजे, हा नागरी स्वराज्याचा मूळ सिद्धांत आहे.

आणि तो आपल्याकडे नवा नाही. अलिबागेतील चुंबकीय वेधशाळेची कथा येथे स्मरते. मुंबईतील कुलाब्याची वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने मापे बिघडणार हे संचालक मूस ह्यांनी ओळखले, आणि ट्राम धावू लागण्याची वाट न पाहता १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागेस उभी राहिली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकदमच मापे घेऊन जुन्या नोंदींचा नव्या नोंदींशी सांधा जुळवून घेतला गेला. ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावली. तहान लागण्याआधी विहीर खणणे म्हणजे काय, ह्याचा हा धडा आपल्याच गावात, समुद्राच्या काठी, शतकाहून अधिक काळ उभा आहे. पुढे ती ट्राम चालविणारी आणि मुंबईस वीज पुरविणारी खाजगी कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महानगरपालिकेने आपल्या ताब्यात घेतली. ‘बेस्ट’ ह्या नावाने आपण तिला ओळखतो. त्या उपक्रमाची आजची आर्थिक ओढाताण सर्वश्रुत आहे, आणि मालकी सार्वजनिक झाली की कारभार आपोआप सुधारतो असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण दिवा आणि वाहन ह्या शहराच्या गरजा आहेत, त्यांवर शहराचा हात असला पाहिजे, हे त्या काळच्या मुंबईने मानले, आणि त्यातून कित्येक पिढ्यांचे शहर चालले. पनवेलचे उदाहरण तर अगदी घरचे आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या ह्या जुन्या नगरपालिकेने पाण्यासाठी देहरंगला स्वतःच्या मालकीचे धरण राखले. ज्या गावांना धरणाची मालकी पेलली, त्यांना नळीत ओवलेल्या काचेच्या धाग्याची पेलणार नाही काय?

इतरांचा अनुभव

ह्या वाटेने आपल्या आधी गेलेल्यांची पावले पाहणे शहाणपणाचे आहे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची नगराच्या मालकीची कंपनी काढली. ही कंपनी नागरिकांस इंटरनेट विकत नाही. ती फक्त धागे पुरते आणि ते सर्व सेवादारांना सारख्या अटींवर भाड्याने देते. नगराच्या संस्था तोच धागा वापरतात, कंपन्याही तोच वापरतात, आणि प्रत्येकाने रस्ता वेगळा फोडण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा ह्या शहराची वीज नगराच्याच मंडळाकडे होती. त्या मंडळाने वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेसाठी फायबर टाकला आणि २०१० मध्ये त्याच धाग्यावरून शहरभर अतिवेगवान इंटरनेट दिले. मात्र त्यामागे केंद्र सरकारचे अकरा कोटी डॉलरांहून अधिक अनुदान होते, हे सांगितल्यावाचून त्या यशाची गोष्ट पुरी होत नाही. आणि उलट दाखलाही आहे. युटा राज्यातील प्रोव्हो शहराने कर्ज काढून जाळे उभारले, सेवा विकण्याच्या व्यापारात ते नीट उतरू शकले नाही, आणि २०१३ मध्ये ते जाळे अवघ्या एका डॉलरला गूगल कंपनीच्या हवाली करावे लागले. कर्जाचे हप्ते मात्र नागरिकांच्याच माथी राहिले.

ह्या तीन दाखल्यांतून निघणारा बोध आमच्या मते स्पष्ट आहे. नगराने धाग्याचे मालक व्हावे, दुकानदार होऊ नये. रस्ता नगरपरिषदेचा असतो, त्यावरून धावणारी रिक्षा नगरपरिषदेची नसते; त्यामुळे रस्ताही टिकतो आणि रिक्षाही चालते. घरोघर जोडण्या देणे, देयके वसूल करणे, नव्या नव्या योजना काढून गिऱ्हाईक ओढणे हे नगरपरिषदेच्या प्रकृतीस मानवणारे काम नव्हे.

आपल्या देशातील अनुभवही ह्याच दिशेने बोट दाखवितो. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली; तिचे नाव पुढे भारतनेट झाले. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्यात ‘महानेट’ ह्या नावाने राज्याच्या महामंडळाकरवी काम हाती घेतले. धागे गावोगाव पोहोचले, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु कागदावर ‘सेवेस सज्ज’ असलेली जोडणी आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर प्रत्यक्ष चालणारी जोडणी ह्यांत अनेकदा मोठे अंतर राहिले. यंत्र भिंतीवर टांगलेले, वीज नाही. धागा तुटलेला, तो कोणी जोडावयाचा ह्याचा पत्ता नाही. आणि रचना एका सरळ रेषेत असल्याने मध्ये कोठे जेसीबीचा फाळ लागला की पलीकडची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेस मंजुरी दिली. तीत सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार रचना आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. ह्यावरून पहिल्या फेरीत काय चुकले हे सरकारनेच मान्य केल्यासारखे आहे. केरळने २०२३ च्या जूनमध्ये स्वतःच्या ‘के-फॉन’ जाळ्याचे उद्‌घाटन केले. तीस हजार सरकारी संस्था आणि वीस लाख गरीब कुटुंबे जोडण्याचे त्याचे उद्दिष्ट. गती त्या मानाने मंद. त्यांनी बरेचसे धागे वीजमंडळाच्या खांबांवरून नेले. खर्चाच्या दृष्टीने ते सोयीचे, पण ज्या किनाऱ्याने ३ जूनला हजारो खांब आडवे झालेले पाहिले त्या किनाऱ्याने ही काटकसर करू नये. आपला धागा जमिनीखालूनच गेला पाहिजे.

खाड्यांचा मुलूख

येथे आपल्या भूगोलाचा विचार आवश्यक ठरतो. आमच्या आयुष्याची काही वर्षे फळ्यापुढे गेली. भिंतीवर नकाशा लावून ‘खाड्यांनी तोडलेली किनारपट्टी’ हे शब्द आम्ही शेकडो वेळा उच्चारले असतील. त्यांचा पुरता अर्थ वादळाने समजावला. धरमतरची खाडी उरणला अलिबागेपासून तोडते, रेवदंड्याची खाडी अलिबागेला मुरूडपासून, राजपुरीची मुरूडला श्रीवर्धनपासून, आणि बाणकोटची खाडी जिल्ह्यालाच रत्नागिरीपासून. त्यामुळे प्रत्येक गावाकडे येणारी वाट बहुधा डोंगराकडून एकच, आणि धागाही त्याच एका वाटेने. ती वाट दरडीखाली गेली की गाव बेट होते. वर्तुळ पुरे करावयाचे तर किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या ओलांडून जाणारी दुसरी वाट हवी.

आणि ती वाट आज घडत आहे. बॅरिस्टर अंतुले ह्यांच्या काळापासून बोलला जात असलेला रेवस-रेडी सागरी महामार्ग बऱ्याच विलंबाने मार्गी लागत असून खाड्यांवरील मोठ्या पुलांची कामे हाती घेतली गेली आहेत. पूल बांधताना त्याच्या कडेने दोन-चार रिकाम्या प्लास्टिकच्या नळ्या, ज्यांना अभियंते डक्ट म्हणतात, त्या सोडून ठेवण्यास पुलाच्या एकंदर खर्चाच्या मानाने किरकोळ पैसा लागतो. पूल पुरा झाल्यावर मागाहून तेच करावयाचे तर परवानग्यांचे गठ्ठे आणि जोखीम दोन्ही वाढतात. म्हणून आमची पहिली मागणी नगरपरिषदांपेक्षा राज्य सरकारकडे आहे. सागरी महामार्गाच्या प्रत्येक पुलात आणि त्याच्या कडेच्या चरांत सार्वजनिक मालकीच्या नळ्या आताच घातल्या जाव्यात. अवघड जागी केबल नेणे आपल्या यंत्रणांना साधत नाही असेही नाही. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावर, जेथे लेणी पाहावयास जगभरचे लोक येतात, तेथे समुद्रतळावरून साडेसात किलोमीटरची केबल नेऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये कायमची वीज पोहोचविली गेली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली ही खंत आहेच. पण मनावर घेतल्यावर ते झाले, हेही खरे.

गावांतर्गत कामाचेही सूत्र हेच. फायबरच्या खर्चाचा मोठा भाग काचेवर जात नाही. तो खोदाईवर आणि रस्ता पूर्ववत करण्यावर जातो. म्हणून खोदाई एकदाच व्हावी. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, अलिबाग परिसरात वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम झाले. त्या वेळी चर उघडे होते. त्या चरांत गावाच्या मालकीची एखादी रिकामी नळी पडली काय, पडली असल्यास किती मीटर आणि कोठून कोठवर, हे नगरपरिषदेने नागरिकांस सांगावे. आणि पडली नसल्यास, पुढे जो जो चर पाण्यासाठी, गटारासाठी, विजेसाठी अथवा कंपनीच्या केबलसाठी उघडेल त्यात ती पडल्यावाचून चर बुजविला जाणार नाही, असा ठराव करावा. बाजारपेठेतील व्यापारी ज्याला कंटाळले आहेत ते काम म्हणजे आज पाण्याच्या नळासाठी, उद्या केबलसाठी आणि परवा पुन्हा गटारासाठी त्याच जागी रस्ता फुटणे. एक ठराव ह्या सर्वांवर उपाय होऊ शकतो.

आक्षेप आणि अडचणी

आता अडचणींकडे वळू. पहिली अडचण कायद्याची सांगितली जाते. दूरसंचार हा घटनेनुसार केंद्राचा विषय आहे आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी अठरा विषयांची यादी दिली तीत तो नाही, हे खरे. परंतु रस्ते व पूल, पाणीपुरवठा, अग्निशमन आणि सार्वजनिक सोयी हे विषय तीत आहेत. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामाईक नळ्या व केबल-मार्गिका ह्यांची कल्पना स्वीकारलेली आहे. रिकामी नळी हा रस्त्याचा भाग आहे. तीत प्रकाश कोणी सोडावयाचा, हा परवान्याचा प्रश्न आहे. त्यासाठी परवानाधारक सेवादार घ्यावा, आणि भारत संचार निगमसारखी सरकारी संस्था त्यास पुढे आली तर उत्तमच.

दुसरी अडचण पैशाची आणि माणसांची. अलिबागची वस्ती २०११ च्या शिरगणतीत वीस हजारांच्या आसपास होती. मुरूड आणि श्रीवर्धन त्याहूनही लहान. अशा गावाने एकट्याने जाळे उभारावे, त्यासाठी अभियंता नेमावा आणि तुटलेला काचेचा धागा सांधण्याचे यंत्र विकत घेऊन ठेवावे, हे व्यवहार्य नाही. म्हणून किनाऱ्यावरील नगरपरिषदा, जिल्हा परिषद आणि जिल्ह्यातील एकमेव महानगरपालिका पनवेल ह्यांनी मिळून एक सामाईक मंडळ करावे, असे आम्हांस वाटते. पनवेलपाशी पैसा आहे, दारात नवा विमानतळ आला आहे. किनाऱ्यावरील गावांपाशी गरज आहे. एकाच जिल्ह्यात पूर्वेकडचे टोक प्रकाशात आणि पश्चिमेकडचे अंधारात, हे फार काळ शोभणारे नाही. मंडळाच्या नळ्यांतील उरलेली जागा कंपन्यांस भाड्याने दिल्यास देखभालीचा काही खर्च निघेल. सगळा निघेल असे आश्वासन आम्ही देणार नाही, कारण रुग्णालयाचा रस्ता नफ्यात चालतो की तोट्यात, असे कोणी विचारीत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आता उपग्रहावरूनच इंटरनेट येऊ घातले आहे, मग खोदाई कशाला? उपग्रहाची जोड संकटकाळी हाताशी असावी हे आम्हांस मान्य आहे. पण राखीव होडी आहे म्हणून पूल बांधू नये, असे कोणी म्हणत नाही. आणि चौथी गोष्ट आम्ही स्वतःच सांगितली पाहिजे. जमिनीखालचा धागा वाऱ्याने तुटत नाही, परंतु दरडीने तुटतो, बेफिकीर खोदाईने तुटतो. आणि धागा शाबूत राहूनही दोन टोकांना वीज नसेल तर तो निरुपयोगी असतो. म्हणून वर्तुळाकार रचना, प्रत्येक सार्वजनिक इमारतीत सौर पत्रे व बॅटऱ्या, आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होईल ह्याचा लेखी करार, ह्या तीन गोष्टींवाचून केलेला खर्च म्हणजे पुरलेला पैसा होय. उद्‌घाटनाची फीत कापावयास पुष्कळ हात पुढे येतात. तिसऱ्या पावसाळ्यात तुटलेला सांधा जोडावयास कोणाचा हात येणार, हे फीत कापण्यापूर्वी ठरले पाहिजे.

सुरुवात कोठून?

फार मोठ्या आराखड्याची वाट पाहत बसू नये. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक नगरपरिषदेने तीन गोष्टी कराव्यात. गावातील कोणत्या सार्वजनिक इमारती जोडावयाच्या त्यांची यादी आणि त्यांस जोडणाऱ्या रस्त्यांचा नकाशा तयार करून तो लोकांपुढे ठेवावा. उघडणाऱ्या प्रत्येक चरात गावाची नळी घालण्याचा ठराव करावा, आणि किती मीटर नळी पडली ह्याचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. आणि पहिला धागा रुग्णालय, पंपघर व आपत्ती नियंत्रण कक्ष ह्यांच्यामध्ये टाकावा, कारण वादळाच्या रात्री ज्यांचे परस्परांशी बोलणे थांबता कामा नये अशा ह्याच तीन जागा आहेत. चौकाचौकांत कॅमेरे लावण्यापासून आरंभ करण्याचा मोह होईल, तो आवरावा. गावावर नजर ठेवण्याची सोय होण्यापूर्वी गावाचे ऐकण्याची सोय व्हावी.

नागरिकांचेही ह्यात कर्तव्य आहे. जमिनीखालचे काम दिसत नाही, म्हणून त्याची मागणी कोणी करीत नाही. आणि मागणी नाही म्हणून पुढाऱ्यांस त्यात रस नाही. प्रभागातील नगरसेवकाकडे आपण बाकडे मागतो, दिवा मागतो, कमान मागतो. पुढच्या वेळी रस्ता खोदलेला दिसेल तेव्हा त्या चराच्या काठाशी क्षणभर थांबावे आणि विचारावे, ‘ह्यात गावाची नळी आहे काय?’ एवढा एक प्रश्न शंभर माणसांनी शंभर चरांपाशी विचारला तरी पुष्कळ काम होईल.

अरबी समुद्रात दर वर्षी वादळे जन्मास येतात. त्यांतील कोणते आपल्या दारी येईल हे वेधशाळाही फार आधी सांगू शकत नाही. पण ते येईल तेव्हा श्रीवर्धनातील एखाद्या आईचा आवाज मुंबईतील तिच्या मुलापर्यंत जाईल की नाही, दिघीच्या जेट्टीवर अडकलेल्या होड्यांची खबर नियंत्रण कक्षात पोहोचेल की नाही, हे त्या दिवशी ठरावयाचे नाही. ते आज, उघड्या असलेल्या चरांत, ठरत आहे. माती लोटली गेली की तो चर पुन्हा उघडावयास आणखी दहा वर्षे लागतील.